यंत्राचे गाणे आणि आमचे कान

नवीन वाद्य बाजारात आले की जुन्या वाद्यावर हात बसलेल्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडाव्यात, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. सारंगीवाल्यांनी पेटीस नावे ठेविली, पेटीवाल्यांनी विजेच्या कीबोर्डास नावे ठेविली, आणि आता कीबोर्डवाले संगणकास नावे ठेवीत आहेत. याचे आम्हांस विशेष आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते याचे, की ज्यांचा हात कोणत्याच वाद्यास कधी लागला नाही असे आमचे सुशिक्षित रसिकही हीच री ओढतात, आणि ती ओढताना आपण संगीताची मोठी सेवा करीत आहो अशा समजुतीत असतात. चार पोरांचा एखादा बँड विजेच्या यंत्रांवर गाणी बसवून वर्षभरात देशभर गाजला, की यांचा निकाल तयार असतो : 'यात रियाज कसला? वाजविते ते यंत्र. आणि जे असे चढते ते तसेच उतरते.' घरातल्या मुलाने तंबोरा सोडून संगणकापुढे बसून सूर जुळविण्यास आरंभ केला, की हाच निकाल त्यास जेवणाच्या पानावर ऐकविला जातो.

हा पूर्वपक्ष आम्ही शक्य तितक्या सभ्य शब्दांत मांडला आहे. प्रत्यक्षात तो याहून बराच कडक भाषेत मांडण्यात येतो. त्यात आक्षेप तीन आहेत. पहिला, श्रमावाचून मिळालेले यश हे यशच नव्हे. दुसरा, यंत्रातून निघालेला नाद हा मनुष्याचा उद्गार नव्हे. तिसरा, झपाट्याने मिळालेली कीर्ती झपाट्यानेच जावयाची. तिन्ही आक्षेप ऐकावयास भारदस्त आहेत. आणि सुभाषितासारखे वाक्य कानी पडले की मान डोलविण्याची सवय आपल्या लोकांस असल्यामुळे ते सहसा कोणी तपासून पाहात नाही. आम्ही ते आज तपासणार आहो. आणि तपासणी हवेत होऊ नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण पुढे घेणार आहो. उदाहरण विलायतेतले आहे. या जातीच्या बँडांची एक मोठी लाट तेथे १९८० च्या सुमारास उठली, आणि मध्यंतरी चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यामुळे तिच्यात काय वाहून गेले आणि काय टिकले हे आज शांतपणे पाहता येते.

लंडनच्या पूर्वेस एसेक्स परगण्यात बॅझिल्डन म्हणून एक गाव आहे. गाव म्हणण्यापेक्षा वसाहत म्हणावे. कारण दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी बाहेर काढण्यासाठी तेथील सरकारने जी नवी नगरे आखली, त्यांपैकी हे एक, १९४९ मध्ये मुक्रर झालेले. जुन्या शहरांस नाटकगृहे, संगीतशाळा आणि रसिकांची घराणी वारशाने मिळतात. तसा वारसा या नगरास नव्हता. तेथील व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि डेव्ह गाहन ही चार मुले १९८० मध्ये एकत्र आली. गोर बँकेत नोकरीस होता, फ्लेचर विमा कंपनीत. एका फ्रेंच फॅशनच्या मासिकाचे 'डेपेश मोड' हे नाव त्यांनी आपल्या बँडास दिले, आणि गिटारी बाजूस सारून सिंथेसायझर हाती घेतले.

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या स्पंदनांपासून स्वर उत्पन्न करणारे, आणि त्या स्वराची जात, धार व लांबी वादकास हवी तशी बदलू देणारे यंत्र. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग याने ते प्रचारात आणिले, तेव्हा ते कपाटाएवढे असे आणि विद्यापीठे किंवा धनिक यांनाच परवडे. पुढे १९७० चे दशक सरता सरता, विशेषतः जपानी कारखान्यांनी, ते टेबलावर मावेल इतके लहान आणि कारकुनाच्या पगारातून शिल्लक टाकून घेता येईल इतके स्वस्त केले. बॅझिल्डनच्या पोरांचा उदय झपाट्याने झाला, यातले अर्धे कोडे येथेच उलगडते : जे साधन काल राजवाड्यात होते ते आज चाळीत आले. साधन चाळीत आले की चाळीतली बुद्धी वर येते, आणि वर बसलेल्यांस ती एकाएकी आलीशी वाटते. छापखाना निघाला तेव्हा पोथीवाल्यांस असेच वाटले असेल.

आता तो झपाटा पाहू. आपल्या गाण्यांची टेप घेऊन ही मुले लंडनमधील कंपन्यांची दारे प्रथम फिरली, तेव्हा त्यांस कोणी विचारले नाही. १९८० च्या अखेरीस लंडनच्या पूर्व भागातील एका दारूच्या गुत्त्यात दुसऱ्याच एका कलावंताच्या आधी त्यांस वाजविण्याची संधी मिळाली, आणि तेथे डॅनियल मिलर या गृहस्थाने त्यांस ऐकिले. मिलर याने १९७८ मध्ये स्वतः एकट्याने यंत्रावर बसविलेल्या दोन गाण्यांची तबकडी काढून 'म्यूट' या नावाची एक लहानशी संस्था सुरू केली होती. त्याने यांस आपल्याकडे घेतले. कराराचा कागद झाला नाही. खर्च व नफा निम्मे निम्मे, एवढे तोंडी ठरले. १९८१ च्या फेब्रुवारीत पहिली तबकडी निघाली, ती ब्रिटनमधील खपाच्या यादीत ५७ व्या क्रमांकापर्यंत गेली. जूनमध्ये दुसरी निघाली, ती ११ व्या क्रमांकास पोचली. सप्टेंबरात तिसरी, ती ८ व्या. त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत 'स्पीक अँड स्पेल' ही मोठी ध्वनिमुद्रिका निघून १० व्या क्रमांकास गेली. तेव्हा या चौघांतील सर्वांत थोरला एकवीस वर्षांचा होता. दूरचित्रवाणीवर गाजलेल्या कार्यक्रमास जाताना ही मंडळी आपापले सिंथेसायझर हाती घेऊन आगगाडीने जात. झपाटा म्हणतात तो हा. पहिल्या तबकडीपासून पहिल्या दहांत येण्यास यांस वर्षही लागले नाही.

तेव्हा पहिला आक्षेप घेऊ : श्रम कोठे आहेत? रियाज याचा अर्थ बोटे झिजविणे एवढाच असेल तर आम्ही हरलो. परंतु रियाज म्हणजे नकार देण्याचा अभ्यास. हा सूर नव्हे, हा. ही जागा नव्हे, ती. असे सहस्र वेळा स्वतःस सांगत गेल्यावर जे उरते ते गवयाच्या गळ्यात बसते. या मुलांजवळची आरंभीची स्वस्त यंत्रे एका वेळी एकच स्वर देत. पेटीवर पोर पहिल्या दिवशी तीन पट्ट्या एकदम दाबते, तसे येथे चालत नसे. तीन स्वरांचा मेळ हवा तर तिघांनी आपापला एकेक स्वर नेमक्या क्षणी द्यावा लागे. यामुळे त्यांच्या गाण्यांत भरताड नाही. एक ओळ खाली चालते, दुसरी तिला छेद देते, तिसरी वरून उत्तर करते. आणि प्रत्येक ओळ एकटी घेतली तरी गुणगुणता येते. साधनाच्या दारिद्र्यातून रचनेची शिस्त निघाली. लंडनमध्ये वापरातून गेलेल्या एका चर्चच्या इमारतीतील ध्वनिमुद्रणगृहात मिलर आणि ही मुले एकेका नादाची जात ठरवीत बसत. कारण त्या यंत्रांत तयार नादांची दुकाने भरलेली नव्हती, प्रत्येक नाद शून्यापासून घडवावा लागे. सताराचा वादक निदान भोपळा व लाकूड तयार घेतो. यांस भोपळाही रोज नवा कोरावा लागला. याला श्रम म्हणावयाचे नसेल तर तो शब्द केवळ घामापुरता राखून ठेवावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, म्हणून त्यास अधिक आदराने उत्तर दिले पाहिजे. यंत्रातून निघालेला नाद मनुष्याचा उद्गार होऊ शकतो काय? आमचे उत्तर असे, की गाणे यंत्रात असेल तर यंत्र काढून घेतल्यावर गाणेही जाईल. आणि गाणे मनुष्यात असेल तर यंत्र काढून घेतल्यावरही ते उरेल. ही कसोटी पाहण्यास आम्हांस कल्पना लढविण्याची गरज नाही, प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. या बँडाचे 'पर्सनल जीझस' हे १९८९ चे गाणे २००२ मध्ये जॉनी कॅश या अमेरिकन गायकाने साध्या गिटारीच्या साथीवर गाऊन मुद्रित केले. कॅश तेव्हा सत्तरीचा होता, आणि ज्या ग्रामीण अमेरिकन परंपरेचा तो मानदंड समजला जात होता तिच्याशी विजेच्या यंत्रांचा काडीचा संबंध नव्हता. गाणे त्याच्या गळ्यात असे बसले, की ज्यांस मूळ ठाऊक नव्हते त्यांस ते त्या परंपरेतलेच वाटावे. दुसरा प्रयोग आमच्या वाचकांस जवळचा वाटेल. 'एन्जॉय द सायलेन्स' हे १९९० चे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे गोर याने प्रथम अगदी संथ लयीत, हार्मोनियमच्या सुरांवर रचिले होते. त्याची लय वाढवून त्यास नाचाचा ठेका द्यावा ही सूचना त्याचा सहकारी अॅलन वाइल्डर याची, आणि ती गोर यास आरंभी मानवली नव्हती. गाण्याचे ते हार्मोनियमचे रूपही त्या तबकडीबरोबर प्रसिद्ध झाले आहे. ज्यांस यंत्राच्या ठेक्याने मस्तकशूळ उठतो त्यांनी ते एकदा अवश्य ऐकावे. तेथे ठेका नाही, झगमगाट नाही. एक पेटी आणि एक गळा, म्हणजे आपल्या भजनी मंडळास लागते तेवढीच सामग्री. आणि गाणे जागच्या जागी आहे.

येथे कोणी म्हणेल, की हे चांगल्या गाण्यांविषयी झाले. पण आज शंभरांतली नव्वद यंत्रगाणी तयार नादांवर तयार ठेका चिकटवून केलेली असतात त्यांचे काय? त्यांचे आम्ही वकील नाही. किंबहुना आज लेखी फर्मान सोडताच आख्खे गाणे रचून देणारी संगणकयंत्रेही निघाली आहेत, आणि त्यांच्या फर्मानदारास आम्ही गायक म्हणणार नाही. भेद यंत्र आहे की नाही हा नव्हे. हजार नादांतून नऊशे नव्याण्णव टाकून देणारा कोणी मनुष्य तेथे बसला आहे की नाही, हा भेद आहे. तो बसला असेल तर यंत्र वाद्य होते. तो नसेल तर तंबोराही नुसते लाकूड आहे. शंभर ख्यालियांतले नव्वद कंटाळवाणे असतात म्हणून ख्याल टाकाऊ असे कोणी म्हणत नाही. मग हा न्याय नव्या वाद्यासच का?

आता तिसरा आक्षेप : चढले ते उतरणार. याचे खंडन आम्ही करण्याऐवजी पंचांगाने केले आहे. १९८१ संपता संपता बँडाचा प्रमुख रचनाकार क्लार्क हा सोडून गेला. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील अकरांपैकी नऊ रचना त्याच्या होत्या. तेव्हा खेळ आटोपला असे पुष्कळांस वाटले तर नवल नाही. पण अवघ्या काही आठवड्यांनी, १९८२ च्या आरंभी, गोर याच्या रचनेची तबकडी निघाली आणि ती ६ व्या क्रमांकास गेली, म्हणजे क्लार्कच्या कोणत्याही रचनेपेक्षा वर. इकडे क्लार्कनेही अॅलिसन मोये या गायिकेबरोबर 'याझू' हा दुसरा बँड उभा करून त्याच वर्षी २ रा क्रमांक गाठला. फांदी तुटली म्हणून झाड वठले नाही, आणि तुटलेल्या फांदीनेही मूळ धरले. १९८३ मध्ये या मंडळींनी लंडनमधील बांधकामांच्या जागी जाऊन हातोड्यांचे, पत्र्यांचे आवाज टिपून आणिले आणि त्यांपासून ठेके घडविले. १९८८ च्या १८ जूनला अमेरिकेत पासाडेना येथील रोझ बोल मैदानावर त्यांस ऐकण्यास साठ हजारांवर लोक जमले. २०२० मध्ये अमेरिकेतील रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात त्यांस स्थान मिळाले. २०२२ मध्ये फ्लेचर वारला; तरीही उरलेल्या गाहन व गोर या दोघांनी २०२३ मध्ये नवी ध्वनिमुद्रिका काढिली. म्हणजे ज्यांच्याविषयी 'आले तसे जातील' असे म्हणावयाचे, त्यांनी चार तपांस जेमतेम सहा वर्षे कमी एवढा काळ काढला. एवढ्यात आक्षेप घेणाऱ्यांची एक पिढी निवृत्त झाली.

तथापि या झपाट्यात धोका नाही असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे लबाडी होईल. १९९५ मध्ये वाइल्डर कंटाळून बाहेर पडला, आणि १९९६ मध्ये गाहन मादक पदार्थांच्या पायी मृत्यूच्या दारात जाऊन परत आला. विशीत मिळालेली कीर्ती पचविणे कठीण, हे सत्यच आहे. परंतु हे विष सिंथेसायझरातून निघाले नाही. आपल्या संगीत रंगभूमीच्या इतिहासात दारू व कर्ज यांनी किती गुणी माणसे गिळली याची ज्यास आठवण आहे, तो हा दोष यंत्राच्या माथी मारणार नाही. तरुण कलावंतास सांभाळणारे वडीलधारे माणूस हवे, एवढाच यातून निघणारा धडा. आणि जेवणाच्या पानावर टोमणे मारणारे वडील ते काम करीत नाहीत.

या वादात एक पक्ष मात्र असा आहे, की ज्याच्याशी आम्ही विनोदाने बोलणार नाही. तो पोटाचा. १९८२ मध्ये ब्रिटनमधील वादकांच्या संघाच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर व तालयंत्रे यांवर बंदी असावी असा ठराव केला. संपूर्ण संघाने तो धोरण म्हणून स्वीकारला नाही. पण ठराव करणारे काही अरसिक नव्हते. जेथे व्हायोलिनवाल्यांचा ताफा लागे तेथे एक यंत्र पुरू लागले, तर त्या ताफ्याने संध्याकाळी काय खावे? हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडेही मूकपटांच्या काळी पडद्यापुढे बसून पेटी-तबला वाजविणारांचा चरितार्थ १९३१ मध्ये बोलपट येताच गेला, आणि मागोमाग संगीत नाटक मंडळ्यांची पडती दशा झाली. त्याच संक्रमणात गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक व संगीतकार १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात नायक म्हणून उभा राहिला, संगीतही त्यानेच दिले. पण प्रत्येक पेटीवाला टेंबे नसतो. तेव्हा वादकांस काम, मानधन आणि म्हातारपणाची सोय कशी मिळेल याचा विचार समाजाने केलाच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच, की पोटाचा प्रश्न पोटाचा म्हणून मांडावा. त्यास सौंदर्यशास्त्राचे सोवळे नेसवू नये. 'माझी भाकरी जाते' हे वाक्य खरे आणि मानाचे आहे. 'हे संगीतच नव्हे' हे त्याचे भाषांतर खोटे आहे.

असल्या सोवळ्याने काय होते याचा अनुभव आपण घेतलेला आहे. पेटी हे मूळचे फ्रान्समधले, १८४० च्या सुमाराचे वाद्य. तिच्यात मींड निघत नाही, तिचे स्वर बांधीव, श्रुती तिला परक्या, अशा कारणांसाठी १९४० मध्ये आकाशवाणीवर तिला बंदी झाली, आणि ती १९७१ पर्यंत, तीही अंशतःच, उठली नाही. आक्षेप तांत्रिक दृष्टीने खोटे नव्हते. परंतु ज्या पेटीवर 'मानापमान' १९११ मध्ये उभे राहिले, ज्या पेटीवर महाराष्ट्रातील घराघरांत आरत्या आणि नाट्यपदे चालत होती, ती तीस वर्षे सरकारी दाराबाहेर उभी होती. बंदीने पेटी मेली नाही. बंदी घालणारांचे कान मात्र तीस वर्षे मागे राहिले. आणि गंमत पाहा : आज ज्या घरी सिंथेसायझरास नाक मुरडले जाते, त्याच घरी पहाटे रियाजास बसताना विजेच्या तंबोऱ्याची कळ दाबली जाते. तो तंबोरा कोणी छेडीत नाही. पण तो सोवळ्यात आहे, कारण तो जुन्याचे रूप घेऊन आला.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. लंडनमधल्या शाखेने बंदीचा ठराव केला त्याच १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे वादक तीन जपानी यंत्रे घेऊन बसले होते. एक सिंथेसायझर, एक तालयंत्र, आणि एक खर्जाचे स्वर साखळीने वाजविणारे यंत्र. यांपैकी शेवटच्यात एक गुण असा होता, की एका स्वरावरून दुसऱ्यावर ते घसरत जाऊ शके. म्हणजे पेटीवर जो मींड न निघण्याचा ठपका होता तो यावर ठेवण्यास जागा नव्हती. सिंग यांनी त्यांवर भैरव, ललित, भूपाळी, मालकंस आदी दहा राग नाचाच्या ठेक्यावर बांधले आणि त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. पुढे पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेत शिकागो येथील तरुणांनी तेच खर्जाचे यंत्र वापरून जो नवा नाद काढिला त्याने अर्धे जग नाचविले. आणि मुंबईचा हा माणूस तसल्याच नादापर्यंत आधी पोचला होता, हे आपणांस कळले केव्हा? एका परदेशी संग्राहकाच्या हाती ती तबकडी लागून २०१० मध्ये तिची पुन्हा आवृत्ती निघाली तेव्हा. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. २०१५ मध्ये सिंग वारले.

वाचकांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. साल जवळ जवळ तेच, यंत्राची जात तीच. एकीकडे वीस वर्षांची पोरे, पाठीशी कोणतीही विद्या नाही, आणि वर्षाच्या आत देशात नाव. दुसरीकडे मुरलेला वादक, हाताशी शेकडो वर्षांची रागविद्या, आणि अठ्ठावीस वर्षे धूळ. यंत्राने माणूस वर चढतो असे म्हणावे, तर सिंग का चढले नाहीत? रियाजाने चढतो म्हणावे, तरीही सिंग का चढले नाहीत? फरक यंत्रात नव्हता, रियाजातही नव्हता. फरक हा, की त्या गुत्त्यात एक मिलर बसला होता आणि येथे कोणी बसले नव्हते. तेथे लहान संस्था होती, एक तबकडी काढण्यापुरते भांडवल होते, नवे म्हणजे काय हे विचारणारी मासिके होती, आणि शाळकरी मुलाने आपल्या पैशांनी तबकडी विकत घेण्याची रीत होती. येथे 'हे राग आहेत' म्हणून नाचणाऱ्यांनी टाकले आणि 'हा नाच आहे' म्हणून रागवाल्यांनी टाकले. झपाट्याने वर येणे हा गाणाऱ्याचा गुण किंवा दोष नव्हे. ते ऐकणाऱ्या समाजाच्या कानांचे माप आहे. कोणी उशिरा वर येतो तेव्हा आपण त्याच्या तपश्चर्येचे कौतुक करितो. पुष्कळदा ते आपल्या बहिरेपणाचे कौतुक असते.

म्हणून आमच्या सुशिक्षित कुटुंबांस आमची विनंती अशी. घरातले मूल संगणकावर काही सूर जुळवून तुम्हांस ऐकवू लागले तर 'रियाज कर' हा उपदेश जरा थांबवावा, आणि प्रथम ते ऐकावे, पुरे ऐकावे. मग त्यास तीन प्रश्न विचारावेत. यातले किती तू टाकून दिलेस? यातला कोणता नाद तुझा स्वतःचा? आणि हेच पेटीवर वाजवून दाखविशील काय? पहिल्याचे उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर त्यास टाकण्यास शिकवावे. रागविद्या ही टाकण्याचीच विद्या आहे, आणि ती त्याच्या कामी येईल. दुसऱ्याचे उत्तर देताना त्याची जीभ अडखळली, तर रागावू नये; शोधण्यास वेळ द्यावा. आणि पेटीवर ते वाजविताना तुमची मान आपोआप डोलली, तर निदान त्या वेळी प्रामाणिकपणे डोलू द्यावी.

आमच्यावर असा आरोप येईल, की आम्ही परक्या देशातील पोरांची स्तुती करून आपल्या परंपरेस उणे आणीत आहो. आरोप उलटा आहे. आपल्या परंपरेची किंमत जर कोठे कमी झाली असेल, तर ती मुंबईतील त्या धूळ खाणाऱ्या तबकडीपाशी झाली. आणि ती कमी करणारे यंत्र नव्हते, आम्ही होतो. बॅझिल्डनच्या पोरांस ऐकणारा एक मनुष्य एका वर्षाच्या आत भेटला. आपल्या चाळीत, वाड्यात, वसाहतीत आज रात्री कानांस हेडफोन लावून कोणी बसला असेल त्यास तो भेटेल की नाही, हे त्याच्या यंत्रावर अवलंबून नाही. ते आपल्यावर अवलंबून आहे.